शतनी

अल खुवैरच्या पेट्रोल पंपामागे
चहाच्या दुकानासमोर गाडी लावायची
आणि उतरायचं नाही.
हॉर्न एकदाच.
दोनदा दिला तर शफीक मुद्दाम उशीर करतो.

हे मला शमसानं शिकवलं.
दातांच्या दवाखान्यात ती माझ्या शेजारी बसते,
ती अरबीतून तारखा देते, मी हिंदीतून,
आणि दुखणं दोन्हीकडे सारखंच ओरडतं.
करक म्हणजे काय, तेही तिनंच सांगितलं.
मी म्हटलं, अगं, हा तर आमचाच कडक,
समुद्र ओलांडताना त्याचा ड भिजला.

मग पराठा.
चिप्सचं पाकीट फोडण्याआधी
मुठीनं चुरडायचं, वैर असल्यासारखं.
गरम पराठ्यावर चीज फासायचं, त्यावर तो चुरा,
वर लाल सॉस, गुंडाळी, कागद.
पहिल्या दिवशी मनात आलं,
हे म्हणजे भेळेनं चपातीशी
पळून जाऊन लग्न केल्यासारखं.
दुसऱ्या घासाला मी वऱ्हाडात.

मागच्या सीटवर मारिविक.
तिच्या मांडीवर कायम एक छोटी पेटी:
नखांवर चिकटवायची फुलं,
विटकरी रंगाची एकच लिपस्टिक,
जी तिघींच्या ओठांवर तीन रंगांची होते.
शमसा अबायाच्या बाह्या कोपरापर्यंत सारून
काल रात्रीची तुर्की मालिका सांगते.
मी एकही भाग पाहिलेला नाही,
पण त्या खलनायिकेच्या सासूला
रस्त्यात भेटले तर ओळखेन.

एका गुरुवारी पराठा जरा फिका लागला.
पर्समध्ये क्रीमच्या रिकाम्या डबीत
सोलापूरची शेंगाचटणी होती,
तेल सुटलेली, झाकणाला लाल कडा.
मी चिमूटभर भुरभुरली.
शमसानं डबी हिसकावली.
मारिविकनं बोट घातलं, मग दुसरं.
खिडकीशी ट्रे धरून उभा शफीक म्हणाला,
"चेची, इदेंदा?"
आणि एवढ्या दोन शब्दांवर
मी सुट्टीहून येताना
साड्या कमी करून दोन किलो चटणी आणली.

महिन्याभरात दुकानाच्या फळ्यावर
खाली, कोपऱ्यात, मार्करनं एक नवी ओळ.
शमसानं वाचून दाखवली: शतनी.
शतनी?
"आमच्या अक्षरांत च नाही," ती म्हणाली,
"आणि तुमचा तो जाड ट पण नाही.
आहे त्यात भागवलंय."
मी हसले. दोनशे बैसा जास्त लावले होते त्यानं.

आता मारिविक दोह्याला असते,
नखांचे फोटो पाठवते, स्वतःचे नाही.
शमसाला मुलगी झाली, ती गुरुवारी येत नाही.
मी एकटीच येते, रेडिओ लावते,
अरबी गाण्यातला एखादा शब्द कळला
की स्टिअरिंगवर बोट वाजवते.

काल शेजारी एक पांढरी गाडी थांबली.
विशीतला पोरगा, नक्षीची कुम्मा टोपी,
दिशदाशाच्या गळ्याशी लोंबणारा गोंडा
अत्तरात इतका बुडवलेला
की बंद काचेतून मला ऊद आला.
त्यानं हॉर्न दिला. शफीक आला.
"तीन शतनी. एकात चीज नको."
सहज म्हणाला.
जसा हा शब्द त्याच्या आजोबांनी
खजुरांबरोबर ठेवून दिला होता.

माझ्या पोटात काहीतरी हललं.
सांगू का याला? काय सांगू?
की अक्कलकोट रोडवर आमच्या राजमाकाकू
उखळात अजून हातानं कुटतात?
पोरगा फोनमध्ये बघून हसत होता.
मी काच खाली केली नाही.

शफीकनं माझा पराठा आणला.
हल्ली तो चटणी स्वतःच करतो,
कढीपत्ता घालतो, खोबरंसुद्धा.
मी खाल्ला. सगळा खाल्ला. कागद चाटला.
मग हॉर्न दिला, पहिल्यांदाच दोनदा,
आणि तो उशिरा आल्यावर म्हटलं,
"लसूण, शफीक.
लसूण कमी आहे."